सालाची वीट

१

“वाचा बाई. मोठ्यानं वाचा,” असं म्हणून आक्कांनी भिंतीवरचं फडकं बाजूला सारलं.

फडक्यामागं भोक होतं. एका विटेएवढं, चौकोनी, काळं भोक.

मी पुढं वाकून बघितलं. आक्कांना वाटलं, मी चष्मा शोधतेय. “सापडला का चष्मा? चार आकडे आहेत बघा. आमच्या खापरपणजोबांनी वीट ओली असताना काडीनं लिहिलेत.” आक्का बहात्तर वर्षांच्या. गेली वीस वर्षं त्यांना दिसत नाही. पाठ झालेली कविता म्हणून दाखवणाऱ्या मुलीसारखा त्यांचा चेहरा खुशीत होता. अशा माणसाला काय सांगायचं हो?

“आक्का,” मी म्हटलं, “इथं वीट नाही.”

त्या आधी हसल्या. मग त्यांनी हात पुढं केला. तो भोकाच्या कडेला लागला आणि मनगटापर्यंत आत गेला. बराच वेळ तो तिथंच राहिला. मग त्यांनी तो बाहेर काढून पदराला पुसला.

माझी ओळख करून देते. जुन्या इमारतींच्या कचेरीत मी एकतीस वर्षं टेप धरून भिंती मोजल्या. माझं नाव कुणी घेत नाही, सगळे मोजणीबाई म्हणतात. बोलायला मी फटकळ आहे. निवृत्तीला चार महिने राहिले होते आणि हे माझं शेवटून दुसरं घर होतं.

नियम सोपा आहे. दीडशे वर्षांच्या वरचं घर पाडता येत नाही. नवा रस्ता बरोबर या घरावरून जाणार होता, पुढच्याच महिन्यात. घर एकशेसाठ वर्षांचं, असं घरचे म्हणत. पण म्हणून काय उपयोग? कागद नोंदणी कचेरीच्या आगीत जळाले होते. उरला होता एकच पुरावा, पडवीत दाराशेजारी खांद्याच्या उंचीवर बसवलेली, बांधणीचं साल लिहिलेली ही सालाची वीट. मी ती बघायची, फोटो काढायचा आणि सही करायची. संपलं. अर्ध्या तासाचं काम.

गेल्या आठवड्यात आक्कांनी स्वतः फोन करून विचारलं होतं, “बाई, तुमच्या पत्रात लिहिलंय, गरज वाटल्यास पुराव्याची वस्तू काढून सर्व बाजूंनी तपासू. तुम्ही खरंच भिंतीतून वीट काढता का हो?”

“छे हो आक्का,” मी हसून सांगितलं होतं. “तो छापील मजकूर आहे. एकतीस वर्षांत मी एक वीट काढलेली नाही.”

आणि आता ती कुणीतरी काढून नेली होती, नेमकी मी यायच्या आत.

“आधी वरचा मजला मोजून घ्या बाई,” आक्का एकदम म्हणाल्या. “इथलं मग बघू.”

मला ते विचित्र वाटलं. घरात चोरी झाली, आणि ही बाई मला माडीवर पाठवते?

२

घर मात्र देखणं. दोन मजले, हातभर जाडीच्या भिंती, खिडक्यांवर विटांच्या कमानी, आणि एक धुराडं इतकं सरळ की ओळंबा लावून बघावा. बांधणाऱ्यानं विटा विकत आणल्या नाहीत. मागच्या अंगाला माती खणली, तिथंच पाडल्या, तिथंच भाजल्या. त्या खड्ड्याचं आता तळं झालंय. घर जेवढं वर आहे तेवढंच खाली खणलेलं आहे, असं म्हणायला हरकत नाही. हातानं पाडलेल्या विटा, दोन सारख्या निघायच्या नाहीत. दारातल्या पायरीच्या विटेत कुत्र्याचा पाय उमटलाय. ओल्या मातीवरून कुठलंसं कुत्रं चालत गेलं असणार. आक्का रोज सकाळी त्या पायाच्या ठशावर अंगठा ठेवून बाहेर येतात. भिंतींना हात लावत त्या घरभर फिरतात. कुठली वीट कुठं, हे त्यांच्या बोटांना पाठ आहे. त्यांना दुसरीकडं नेऊन ठेवलं तर त्या खुर्चीतून उठू शकणार नाहीत, हे सांगायला मोजणीबाई लागत नाही.

मी माडीवर गेले नाही, आधी भोक बघितलं. शेजारच्या विटांच्या कडा शाबूत होत्या, एक टवका उडालेला नव्हता. खाली धुळीचा कण नाही, जमीन झाडून पुसलेली. ज्यानं काढली त्यानं दात काढावा तशी काढली होती. आणखी एक गोष्ट दिसली. भिंतीच्या सांध्यांतला चुना सगळीकडं पांढरट, पण या भोकाच्या कडेचा गुलाबी. त्याच्या अर्थाकडं मी तेव्हा लक्ष दिलं नाही, ही माझी चूक.

आक्कांचा भाचा दारातच उभा होता. वय चाळीस, तोंड कायम आंबट. आत्यासाठी इथं राहतो, आणि ते सगळ्यांना ऐकवतो.

“माझ्याकडं बघू नका,” तो म्हणाला. “काल मी दिवसभर गावात होतो, अंधार पडल्यावर आलो. आणि मी काढली असती ना, तर घणानं काढली असती. मला साधा खिळा ठोकता येत नाही, आत्याला विचारा.”

“घर पाडलेलं तुम्हाला हवंय म्हणतात.”

“हवंय. लपवतो कशाला? छपराखाली अकरा बादल्या ठेवतो आम्ही. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात. ज्यानं म्हटलं त्यानं या घरात एक पाऊस काढून दाखवावा.” मग त्याचा आवाज खाली आला. “पण आत्याच्या हातातून घर काढून घ्यायचं म्हणजे… नाही हो. एवढा नीच नाही मी.”

माझा त्याच्यावर विश्वास बसला. खरा नीच माणूस इतकी तक्रार करत नाही.

“पत्र कुणी वाचून दाखवलं होतं आक्कांना?”

“मीच. स्वयंपाकघरात, टेबलाशी. शेजारचे मास्तर होते, मागच्या खोलीतले गवंडीमामाही होते. ते ‘वस्तू काढून तपासू’ आलं तेव्हा सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.”

“कुणाची जास्त?”

“मास्तरांची,” तो म्हणाला. “त्यांच्या हातातला कागद खाली पडला.”

३

मास्तर पलीकडच्या घरात राहतात. निवृत्त झाल्यापासून या घराचा इतिहास लिहितायत. जाडजूड फाईल, पण आत सगळं ‘असे सांगतात’ आणि ‘असे ऐकिवात आहे’. मला बघून त्यांनी फाईल छातीशी धरली.

“मॅडम, माझी बारा वर्षं आहेत यात. मी वीट कशाला काढीन?”

“काढाल. विटेत काही खोट असली तर बारा वर्षं पाण्यात.”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. “खोट असेल असं मला कधी वाटलं नाही. पण काढून तपासणार म्हटल्यावर धस्स झालं एवढं खरं. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं. तपासणी म्हटलं की माझे हातपाय गळतात.”

“जुना फोटो आहे का विटेचा?”

“आहे ना. साठपेक्षा जास्त वर्षांपूर्वीचा. घरच्या लग्नाचा, सगळे पडवीत उभे आहेत.” त्यांनी फोटो काढून दिला. मी भिंग लावलं. दार दिसत होतं, कमान दिसत होती आणि विटेच्या बरोबर समोर एका काकांचं भलंमोठं डोकं होतं.

“सरकायचं होतं की जरा,” माझ्या तोंडून गेलं.

“मी रोज तेच म्हणतो त्यांना,” मास्तर म्हणाले.

मग त्यांनी कबूल केलं की वीट शेवटची बघणारे तेच. काल दुपारी बाराला त्यांनी विटेवर पातळ कागद धरून पेन्सिल घासली होती आणि आकड्यांचा ठसा घेतला होता, आठवण म्हणून. नंतर आक्कांनी वर फडकं लावलं, धूळ बसू नये म्हणून. दुपारी दोन ते चार आक्का झोपतात. भाचा घरात नव्हता. एरवी आक्का पडवीतच बसतात, रात्री झोपतातही तिथंच. म्हणजे वीट गेली ती त्या दोन तासांत.

मी ठसा उजेडात धरला आणि पुन्हा भिंग लावलं. ओल्या मातीत काडीनं रेघ ओढली की तिचे काठ फुगतात, गुळगुळीत राहतात. या आकड्यांचे काठ फुटके होते. ते काडीनं लिहिलेले नव्हतेच. भाजलेल्या विटेवर छिन्नीनं कोरलेले होते. नुसती वीट बघून मला हे कळलं नसतं, पेन्सिलीनं दाखवलं.

४

गवंडीमामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. एकोणिसाव्या वर्षी या घराच्या डागडुजीला आले ते मागच्या खोलीत राहूनच गेले. घरात पडझड झाली की मामा, चूल फुटली की मामा, आक्कांना अंगणात न्यायचं तरी मामाच. मी गेले तेव्हा त्यांनी चहा केला होता. उकळता चहा स्टीलच्या पेल्यात ओतला, माझ्यापुढं बशीत ठेवला आणि स्वतःचा पेला तळहातात धरून बसले.

“मामा, हात पोळत नाही?”

“कळतच नाही बाई. चुन्यानं बोटांची सालं खाल्ली. गरम नाही, गार नाही. मेलेली बोटं आहेत ही.” हसले. मग हसू गेलं. “बाई, एक विचारू? आता वीटच नाही म्हटल्यावर काम थांबणार ना? चोर सापडेपर्यंत घर पाडता यायचं नाही ना?”

“कुणी सांगितलं तुम्हाला असं?”

“कुणी नाही. आपलं मला वाटलं.”

“उलट आहे मामा. पुरावा नाही म्हणजे घर जुनं नाही. तारीख ठरल्याप्रमाणं पाडतील.”

मामांचा पेला तसाच तळहातात राहिला आणि चहा गार होत गेला. मला वाटलं, म्हाताऱ्याला घराचा धक्का बसला. तो बसलाच होता, पण मला वाटला तेवढाच नव्हता.

मी उठत होते, तेवढ्यात पडवीतून हाक आली. रस्ता खात्याचा इंजिनियर बोलावत होता. नियमाप्रमाणं तपासणीला त्या खात्याच्याही माणसाला हजर राहावं लागतं. सगळे त्याला सडकसाहेब म्हणत होते. सभ्य माणूस, सकाळपासून पडवीच्या बाकावर बसून होता, आणि आक्काही भिंतीला टेकून तिथंच बसल्या होत्या. माझ्या लक्षात आलं की आक्का त्याला तीनदा पाणी विचारून झाल्या होत्या, बागेत फिरून या म्हणूनही सांगून झाल्या होत्या. तो जागचा हलला नव्हता.

त्यानं मला बाजूला घेतलं आणि मोबाईल पुढं केला. “मोजणीबाई, मी त्या भोकात हात घालून फोटो काढला, वरून. ही घोड्याची नाल कसली हो आत?”

५

फोटो स्पष्ट होता. भोकाच्या तळाला चुन्याचा एक चौकोनी उंचवटा आणि त्यावर घोड्याच्या नालेचा ठसा.

कारखान्याच्या विटेला एका अंगाला खोलगट पोट असतं आणि त्या पोटात भट्टीची खूण. हातानं पाडलेल्या विटेला पोट नसतं, खूण तर नाहीच. म्हणजे इथं बसलेली वीट भट्टीची होती.

मी पाण्याच्या टाकीकडं गेले. टाकी नंतरची, तिच्या शेजारी उरलेल्या विटा पडल्या होत्या. एक उलटी केली. पोटात घोड्याची नाल.

“आक्का,” मी परत येऊन विचारलं, “नालेची भट्टी कधी सुरू झाली?”

आक्कांनी भिंतीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, “मी पहिलीत गेले त्या वर्षी. धुराचा वास वर्गात यायचा.” खोटं बोलता आलं असतं त्यांना. बोलल्या नाहीत.

म्हणजे सहासष्ट वर्षं. सहासष्ट वर्षांच्या आतली वीट, आणि तिच्यावर एकशेसाठ वर्षांपूर्वीचं साल. माझ्यामागून आलेल्या मास्तरांनी डोकं धरलं. सडकसाहेब जमिनीकडं बघत म्हणाला, “मला घर पाडायची हौस नाही हो. पण हे मला लिहावं लागेल.”

“लिहा,” मी म्हटलं. “मलाही लिहावं लागेल.”

खरं सांगते, त्या क्षणी मला राग आला होता. वाटलं, आक्कांच्या वडिलांनी बडेजावासाठी खोटं साल लावलं, आणि आपण सगळे मूर्ख. पण एक गोष्ट टोचत होती. सगळे गवंडी वीट उताणी बसवतात, पोट वर. वरचा चुना पोटात भरतो, पकड धरतो. अशी वीट काढली तर खूण तिच्याबरोबर जाते. इथं खूण तळाला राहिली होती. म्हणजे वीट उपडी बसवलेली होती, पोट खाली करून. असं कोण करतं?

मी टेप गुंडाळला आणि घरातली प्रत्येक डागडुजी शोधत निघाले. न्हाणीच्या खिडकीचा फुटका उंबरा, चुलीमागचा कोपरा, जिन्याखालची नवी भिंत. जिथं वीट फुटून आतलं दिसत होतं तिथं बोट घालून बघितलं. उपडी. उपडी. उपडी.

स्वयंपाकघराच्या दारात मामा उभे होते. माझ्याकडं बघत होते.

“उपडी का मामा?” मी विचारलं.

“वस्तादानं तसंच शिकवलं,” ते म्हणाले. “उताणी वीट पाणी पिते, उपडी पडून राहते.” आणि मग त्यांना कळलं, मी काय विचारलं ते. दाराची चौकट धरून ते खाली बसले.

६

मी पडवीत सगळ्यांना बसवलं. सडकसाहेबाला जा म्हणायचा मला अधिकार नव्हता. असता तर म्हटलं असतं.

“मामा,” मी म्हटलं, “माझं चुकलं तर थांबवा. वीट काढणाऱ्याला भिंतीची माया होती. टवका उडू दिला नाही, धूळसुद्धा झाडून नेली. भाच्याला खिळा ठोकता येत नाही आणि मास्तर तपासणीला घाबरतात, पण छिन्नी धरू शकत नाहीत. वीट बसवणाऱ्याला उपडी बसवायची सवय होती. बसवणारा आणि काढणारा एकच. पत्रात तुम्ही ऐकलंत, वीट काढून सगळ्या बाजूंनी बघणार. पोटात नाल निघाली की घर खोटं ठरणार. म्हणून काल दुपारी दोन ते चारच्या मधे तुम्ही काढलीत. वाटलं, चोरी झाली म्हणजे तपास लागेल, तोवर घर टिकेल. तळाला खूण राहिलीय हे तुम्हाला कळलं नाही.”

“चाचपलं होतं मी,” मामा म्हणाले. “सपाट लागलं. ही बोटं…” त्यांनी हात पुढं धरले. “आयुष्यभर वीट उपडी बसवली, आणि काढताना आठवलं नाही. नाल विटेबरोबर गेली, असंच वाटलं. वीट तळ्यात टाकली. हात दाखवून अवलक्षण केलं मी.”

“पण खोटं साल कुणी लावायला सांगितलं? आक्कांच्या वडिलांनी?”

मामा ताडकन म्हणाले, “साल खोटं नाही! एक अक्षर बोलू नका मोठ्या मालकांना.” मग उठले, मागच्या खोलीत गेले आणि पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात काल झाडलेली धूळ होती. चाळलेली, बारीक, गुलाबी.

“एकोणीस वर्षांचा होतो,” ते म्हणाले. “पहिलंच काम. ओलीनं सालाच्या विटेभोवतीचा चुना खाल्ला होता. वस्ताद म्हणाले, अलगद काढ, पुन्हा बसवू. ते जेवायला गेले. मी काढली. हातातून निसटली. या पायरीवर पडली, कुत्र्याच्या पायाशेजारी. सात तुकडे झाले. काय करू? टाकीच्या कामाची वीट घेतली, तुकडे जुळवून समोर ठेवले आणि आकडे बघून कोरले. नवी दिसू नये म्हणून वर माती फासली. वस्तादसुद्धा फसले. आज एकोणसाठ वर्षं झाली, कुणाला सांगितलं नाही.”

“आणि तुकडे?” मास्तर खुर्चीतून अर्धे उठले होते. “मामा, तुकडे कुठं आहेत? एक जरी असला, एक आकडा जरी…”

“फेकवेना हो मास्तर,” मामा म्हणाले. “तिची जागा सोडून कुठं टाकू तिला? कुटले, चाळले. सुरखी केली, विटेची भुकटी, आणि चुन्यात कालवून तिच्याच जागी घातली. ही बघा.” त्यांनी डबा पुढं केला. “हीच खरी वीट.”

गुलाबी चुन्याचा अर्थ मला आता कळला. भाच्यानं डबा हातात घेतला आणि लहान मुलाला धरावं तसा धरून बसला.

७

“म्हणजे घर खरोखर एकशेसाठ वर्षांचं आहे,” सडकसाहेब म्हणाला. “मग लिहा ना बाई तसं! मी हरकत घेणार नाही.”

“काय लिहू? ज्यानं नकली वीट बसवली तोच म्हणतो, आधी खरी होती? वरचे लोक हसतील. मातीचं वय काढणारी तपासणी असते, पण तिचा निकाल यायला वर्ष लागतं, आणि तुमची मशिनं पुढच्या महिन्यात येणार. वीट काढली नसती तर…” मी जीभ चावली. मामांचं लक्ष नव्हतं. ते तोंड धुवायला टाकीकडं निघाले होते. भाचा त्यांच्या मागून गेला, मास्तरही गेले. सडकसाहेब कुणीही न सांगता उठून फाटकाशी जाऊन उभा राहिला.

उरल्या आक्का आणि मी.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं. “म्हणून फोनवर विचारलंत, वीट काढता का. आज भोकात हात घातलात तेव्हाच तुमच्या बोटांना नाल लागली. मला माडीवर पाठवून ती खरवडून टाकायची होती तुम्हाला. पण तो साहेब उठेना.”

आक्कांनी मान हलवली. “लहानपणी त्या आकड्यांतून बोट फिरवायचे मी. कसे गुळगुळीत होते. डोळे गेल्यावर पुन्हा बोट फिरवलं, तर बोटाला खरचटलं. त्या दिवशी कळलं, हे मामांचं काम. दुसरं कोण कोरणार?”

“वीस वर्षं गप्प बसलात?”

“बोलले असते तर मामा त्याच दिवशी घर सोडून गेले असते. तोंड दाखवलं नसतं त्यांनी. मानी माणूस आहे.” त्या शांत बोलत होत्या, पण डोळ्यांतून पाणी येत होतं. “घर माझं, पण राखलं त्यांनी.”

मला राहवलं नाही. “आक्का, मी फोनवर सांगितलं होतं की वीट काढत नाही आम्ही. एवढं त्यांच्या कानावर घातलं असतंत तर आज वीट भिंतीत असती. मी वाचली असती, सही केली असती, चहा पिऊन गेले असते!”

“कसं घालू कानावर? घाबरू नका मामा, वीट काढणार नाहीत, असं म्हटल्यावर त्यांनी ओळखलं नसतं का, मला ठाऊक आहे म्हणून?” आक्कांनी पदरानं डोळे पुसले. “मला काय ठाऊक, ते स्वतः काढतील. मला वाटलं, चार दिवस काळजी करतील. तुम्ही याल, बघाल, जाल, आणि सुटतील बिचारे. त्यांची लाज राखायला गेले आणि घर गेलं.”

एकतीस वर्षांत मी पुष्कळ घरं पडताना बघितली. कुणाच्या हावेनं, कुणाच्या आळसानं पडलेली. एकमेकांची इतकी काळजी घेऊन पाडलेलं घर मी हे एकच बघितलं.

मामा परत आले. तोंडावरून पाणी निथळत होतं. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि मला जो प्रश्न नको होता तोच त्यांनी विचारला.

“बाई, खरं सांगा. मी काढली नसती तर तुम्ही वीट काढून बघितली असती का?”

मी तोंड उघडलं. खोटं बोलायची सवय नाही मला, शब्द लवकर येईनात. त्याआधी आक्काच बोलल्या.

“काढली असती मामा,” त्या म्हणाल्या. “मी फोन करून विचारलं होतं बाईंना. म्हणाल्या, प्रत्येक वीट काढूनच बघतो. नियमच आहे. हो ना बाई?”

त्यांचा चेहरा माझ्याकडं होता, सकाळी वाचा म्हणताना होता तसाच.

“हो,” मी म्हटलं. “नियम आहे.”

मामांनी मोठा श्वास सोडला. “म्हणजे काही केलं असतं तरी गेलंच असतं.”

“गेलंच असतं,” आक्का म्हणाल्या. “चला आता आत, दार ओढून घ्या. वारा सुटलाय.”

आक्का उठल्या. भिंतीच्या आधारानं दोघं आत गेले, पुढं आक्का, मागं मामा. मी बाकावर बसून अहवाल पुरा केला. वास्तूच्या वयाचा पुरावा आढळला नाही, असं लिहिलं, आणि खाली सही केली.